आमच्या गाडीला डिकी नाही

लोक डिकी उघडतात ती सामान ठेवायला. आमच्या दुकानासमोर कुणी डिकी उघडली, की आधी एक किस्सा बाहेर पडतो! दुकानाच्या कोपऱ्यात प्लायवूडचे उरलेले तुकडे साचतात ना, तसेच हे किस्से साचलेत. टाकून देववत नाहीत आणि कशाला उपयोगीही पडत नाहीत. आज ऐका थोडे. माझं डोकं तरी हलकं होईल.

दुकान सुरतेत, बमरोली रोडला. गाडीत गाणी वाजवायची सिस्टिम बसवून देतो आम्ही. गाणं लागलं की छातीत धडधड होते ना, ती ज्याच्यामुळे होते तो सबवूफर. तो नुसता गाडीत ठेवून चालत नाही, त्याला लाकडी बॉक्स लागतो. आणि तो बॉक्स प्रत्येक गाडीच्या डिकीच्या मापाचा बनवावा लागतो. बॉक्स बनवतात आमचे हे. म्हणजे प्रकाश. गिऱ्हाईकं म्हणतात प्रकाशभाई. फोन, हिशेब, मापं लिहून घेणं आणि लोकांकडून डोकं खाऊन घेणं, हे माझ्याकडे. मी भाभी.

ह्यांचं एकच तत्त्वज्ञान आहे. हवा! बॉक्समध्ये हवा किती मावते त्यावर बास, म्हणजे तो घुमणारा खालचा आवाज, ठरतो. बॉक्स लहान केला तर आवाज गुदमरतो, मोठा केला तर ढबढब करतो. कुणी म्हणालं, ‘प्रकाशभाई, जरा लहान करा ना, डिकीत जागा राहू दे,’ की हे असा चेहरा करतात, की जणू कुणी ह्यांचंच नाक दाबलंय.

आता माझं दुखणं सांगते. गिऱ्हाइकांना ऐकवायला एक नमुना लागतो, आणि तो नमुना आहे आमच्या स्वतःच्या गाडीत. डिकी भरून बॉक्स! गाडी घेतल्यापासून त्या डिकीत मी एक पिशवी नीट ठेवलेली नाही. कुठे गावाला जायचं तर एक बॅग माझ्या मांडीवर, एक मुलीच्या मांडीवर, आणि चपलांची पिशवी पायाखाली. एकदा मी भडकलेच.

‘अहो, त्या बॉक्सच्या आत आहे तरी काय?’

‘हवा.’

‘म्हणजे हवेला जागा आहे आणि माझ्या बॅगेला नाही!’

ह्यांनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले, ‘बॅग ठेवली तर बास जाईल ना गं.’

असो.

*

सुरतजवळच्या सचिन गावात एका प्रोसेस हाउसमध्ये कामाला असलेले एक मास्तर आहेत. कपडा रंगवण्यात सगळं आयुष्य गेलं. माणूस गोड, पण घाईतला. म्हणाले, ‘भाभी, गाडी आणायला टाइम नाही. मी माप फोनवर देतो, तुम्ही बॉक्स तयार ठेवा.’

मी बजावलं, ‘मास्तर, बरोबर मोजा हं. नंतर कमी-जास्त चालणार नाही.’

‘भाभी, मापातच जिंदगी गेली माझी!’

बॉक्स तयार झाला. मास्तर गाडी घेऊन आले. बॉक्स काही आत जाईना. तिरका केला, उभा केला, खालून उचलला. सगळ्याच बाजूंनी थोडाथोडा मोठा! हे माझ्याकडे बघायला लागले, कारण माप लिहिलं होतं मी. मी मास्तरांकडे बघितलं. शेवटी टेप घेऊन डिकी पुन्हा मोजली. फोनवर सांगितलेलं माप आणि डिकीचं माप, दोन्ही वेगळी.

मास्तर अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, ‘बरोबर आहे. मी आटण्याचं धरूनच सांगितलं होतं.’

‘काय आटण्याचं?’

‘धुतल्यावर आटेल ना थोडं!’

‘मास्तर, लाकूड आहे हो ते! ते कोण धुणारे?’

मास्तर विचारात पडले आणि म्हणाले, ‘भाभी, पावसाळ्यात भिजलं तर?’

*

पण गिऱ्हाइकांनाच कशाला बोलू? आमच्या घरातही दिवे आहेत.

सेडान गाडीची डिकी म्हणजे मडकं. पोट मोठं, तोंड लहान. हे सगळ्या सुरतला शिकवतात, की आतलं माप घेऊन भागत नाही, तोंडाचं माप आधी घ्या. आणि एक दिवस ह्यांनीच एका हिऱ्याच्या कारागिराच्या सेडानला आतलं माप अगदी चोख घेतलं, आणि तोंड विसरले! बॉक्स असा सुंदर झाला होता, की काळा कपडा लावून पॉलिशवाल्याला दाखवला असता तर तोही गप्प बसला असता. फक्त तो डिकीत जात नव्हता.

हे हार मानतील तर कसले! मागची सीट खोलली, बॉक्स मागच्या दारातून गाडीत घेतला, आणि आतूनच डिकीत ढकलला. मग सीट पुन्हा बसवली. टक्क बसला. गिऱ्हाईक खूश, हे खूश. मी म्हटलं, ‘अहो, आता हा बाहेर कसा काढायचा?’

‘बाहेर कशाला काढायचा?’

काही वर्षांनी त्या भाईंनी गाडी विकायला काढली. घेणारा म्हणाला, मला गाणी नको, हे खोकं काढून द्या. तोवर सीटच्या पाठीमागची पट्टी गॅरेजवाल्यानं वेल्डिंग करून पक्की केलेली. आता सीट निघेना, म्हणून बॉक्स निघेना. भाईंचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

‘भाभी, प्रकाशभाईंना सांगा, चिंता करू नका. बॉक्स काढायचं मी सोडून दिलं. आता मी गाडीच विकत नाही!’

*

सुरतमध्ये गाडी म्हटली की सीएनजी. आणि सीएनजी म्हटलं की डिकीत सिलिंडर. मग बॉक्स कुठे ठेवायचा? पण हा प्रश्न फक्त मला पडतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘थई जशे, भाभी, थई जशे!’ म्हणजे, होऊन जाईल!

एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. नवऱ्याला वूफर हवाच होता. ह्यांनी डिकी उघडून बघितली आणि सरळ नाही म्हणाले. गॅसच्या सिलिंडरला चिकटून काही बसवायचं नाही, त्या बाबतीत हे पक्के आहेत.

‘सिलिंडर जरा सरकवा ना!’

‘नाही सरकत.’

‘बॉक्स वर बसवा ना!’

‘नाही बसवत.’

मुलगा हिरमुसला. गाडीभोवती एक चक्कर मारून आला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला, ‘पुढच्या सीटवर ठेवा! ड्रायव्हरच्या बाजूला! बेल्ट लावून टाकू!’

ती बिचारी नवी नवरी इतका वेळ माझ्या काउंटरपाशी शांत उभी होती. तिनं विचारलं, ‘अने हुं?’ म्हणजे, आणि मी?

तो इतक्या प्रेमानं म्हणाला, की मला त्याला मारावं की हसावं कळेना. म्हणाला, ‘तारी पासे तो स्कूटी छे ने!’ तुझ्याकडे स्कूटी आहे ना!

मी त्या मुलीला आत बोलावून चहा पाजला. दुसरं काय करणार! माझ्यासारखीच अजून एक तयार होत होती.

*

बमरोलीतच लूम्सचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, चालवणारे एक काका आहेत. आपल्याच खानदेशातले, शिंदखेड्याकडचे. सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे रस्त्याच्या त्या बाजूच्या माणसाशी बोलायचं.

त्यांच्या गाडीत सिस्टिम बसवली. मुलानं हौसेनं बसवून दिली होती. ह्यांनी गाणं लावलं. काका सीटवर बसून समोर बघत राहिले.

‘लावा ना!’ काका म्हणाले.

ह्यांनी आवाज वाढवला. नंबर प्लेट थरथरायला लागली.

‘लावा ना हो प्रकाश, वेळ कशाला घालवता!’

ह्यांनी आणखी वाढवला. शेजारच्या चहाच्या टपरीवरचे ग्लास एकमेकांवर वाजायला लागले. वरच्या गॅलरीतल्या बाईनं खाली डोकावून काहीतरी शिवी दिली, पण ती कुणाला ऐकूच आली नाही. माझ्या काउंटरवरची गणपतीची तसबीर सरकत सरकत कडेपर्यंत आली, ती मी धरून उभी राहिले.

मग काका उतरले, मागे गेले, आणि डिकीतल्या बॉक्सवर हात ठेवला. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

‘हां, आता चालू झालं,’ म्हणाले. ‘पण गाणारी बाई लांब उभी आहे का?’

*

आता ज्या गिऱ्हाइकाला मी मनातून नमस्कार केला, त्याचं ऐका.

मार्केटमधले साड्यांचे एक व्यापारी. त्यांच्या गाडीत बॉक्स बसवून महिना झाला नसेल, तक्रार आली. ‘प्रकाशभाई, आवाज बेसी गयो!’ ह्यांचा जीव कासावीस. वायर बघितली, ॲम्प्लिफायर बघितला, वूफर काढून बघितला. सगळं ठीक. आवाज मात्र उशीत तोंड खुपसून गायल्यासारखा.

बॉक्सला पुढून एक लांबट फट ठेवतात, आतल्या हवेला जा-ये करायला. ह्यांनी त्या फटीत बॅटरीचा उजेड मारला. मग हात घातला. आणि एक साडी बाहेर काढली! मग दुसरी. मग ब्लाउज पीसचा गठ्ठा. मग दुपट्टे. हे काढताहेत, मी घेतेय, आणि दुकानाबाहेर बघायला माणसं उभी राहिली.

‘शेठ, हे काय आहे?’ हे दुपट्टा हातात धरून म्हणाले.

‘सँपल छे,’ शेठ म्हणाले. ‘एवढा मोठा बॉक्स, आत सगळा खाली! जगा बगडती हती!’

म्हणजे जागा वाया जात होती! हे कपाळाला हात लावून पायरीवर बसले. मी साड्यांच्या घड्या घालत होते. इतक्या वर्षांत त्या दुकानात माझ्या मनातलं बोलणारा हा पहिला माणूस होता.

*

आता आमचंच.

माझं माहेर अमळनेरकडचं एक खेडं. आई एकटी राहते. घरात अहिराणीच बोलते, जावयाशीही. गाडी घेतल्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा निघायच्या वेळी आईनं दादरची एक गोणी, बाजरीची एक, उडदाची डाळ, पापडांचा डबा, मिरच्या, सगळं ओट्यावर आणून ठेवलं. दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी. लेक माहेराहून निघाली की तिच्यासोबत घरचं धान्य जायलाच हवं, असं आईचं आहे. एसटीनं जायचो तेव्हाही ती हे सगळं टपावर चढवायला लावायची. आता तर गाडी! आई खुशीत होती. ह्यांनी डिकी उघडली. आत काळा कपडा लावलेला बॉक्स, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आईनं त्यावर टिचकी मारून बघितली. ‘हाई काय शे?’

‘बॉक्स आहे, आई,’ हे म्हणाले.

‘आत काय शे?’

ह्यांनी जे खरं तेच सांगितलं. ‘हवा.’

आईनं एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग विचारलं, ‘सुरतथीन हवा लीसन उनात का?’

म्हणजे सुरतेहून हवा घेऊन आलात का! शेजारच्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मीही हसले. पण गाडी निघाली तेव्हा मागे वळून बघितलं, तर आई दोन गोण्यांच्या मधे उभी होती. पापडांचा डबा तेवढा माझ्या मांडीवर आला, बाकी सगळं तिच्यापाशीच राहिलं. लेकीला रिकाम्या हातानं पाठवलं, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला वळण येईपर्यंत बघवलं नाही. नवापूरपर्यंत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. दर वेळी हे म्हणायचे, ‘अगं, काढायचा म्हटलं तर दहा मिनिटांचं काम आहे.’ ती दहा मिनिटं कधी आली नाहीत. दर वेळी निघायच्या आदल्या दिवशी कुणीतरी नमुना ऐकायला यायचाच. आई नंतर नंतर गोण्या ओट्यावर आणायचीच बंद झाली. ते मला जास्त लागलं.

यंदा आखाजीच्या आधी मी साफ सांगितलं. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. अक्षय्य तृतीयेला झाडून साऱ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. म्हटलं, ‘यंदा एक तर बॉक्स येईल, नाही तर मी येईन. आईनं दिलेलं सगळं मला आणायचंय. तिचं वय काय होतंय, बघताय ना?’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाना उचलला.

खरंच काढला हो! चेहरा असा, की पोरीची पाठवणी करताहेत. बॉक्स घरी आणला, चादर पांघरून हॉलमध्ये ठेवला. येणारे-जाणारे विचारायचे, हे काय, नवा फ्रिज घेतला का? मी म्हटलं, विचारू देत. मला माझी डिकी मिळाली!

काय सांगू तो प्रवास! मांडी रिकामी, पाय सरळ. बारडोलीला चहाला थांबलो तेव्हा मी उगाच डिकी उघडून बघितली. दोन बॅगा, आणि बाकी सगळी मोकळी जागा. व्याऱ्याला पुन्हा उघडून बघितली. हे म्हणाले, ‘आत काही पळून जाणार आहे का?’ मी म्हटलं, ‘बघू द्या हो मला डोळे भरून.’ गाडीत गाणं होतं, पण अगदी बारीक, रेडिओसारखं. ह्यांनी मधेच सुस्कारा सोडला. मी खिडकीबाहेर बघितलं.

दारात गाडी थांबली. मी आधी उतरले आणि ओट्याकडे बघितलं. गोण्या नव्हत्या. वाटलं, उशीर केला आपण. आईनं आता आशाच सोडली.

आई आतून आली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, ह्यांना राम राम केला, आणि सरळ गाडीच्या मागे गेली. ‘उघाडा,’ म्हणाली. मी स्वतः पुढे होऊन डिकी उघडली. माझाच तोरा तो! म्हटलं, ‘आई, बघ. सगळी रिकामी. तुझ्यासाठी.’

आई आत बघतच राहिली. मग वाकून, हात घालून चाचपलं. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

‘खोकं कोठे गयं?’

‘काढलं. घरी ठेवलं.’

ती आत गेली आणि एकेक करून पिशव्या आणून ओट्यावर ठेवायला लागली. जुन्या गोधड्यांच्या कापडाच्या, हातानं शिवलेल्या, दाबून भरलेल्या. असल्या पिशव्या मी जन्मात बघितल्या नव्हत्या. एक हातभर लांब आणि उशीच्या अभ्र्यासारखी चपटी. एक तीन कोनांची, समोशासारखी. एक अशी, की एका अंगाला गोल खोलगट कापलेली. एकीत दादर, एकीत बाजरी, एकीत उडदाची डाळ. तोंडं सुतळीनं शिवलेली.

हे जवळ गेले. ती गोल कापलेली पिशवी उचलली, रिकाम्या डिकीत चाकाच्या उंचवट्यापाशी नेऊन टेकवली. अगदी बरोबर बसली. मग तीन कोनांची उचलली. ती सीटच्या उताराला लागून, जिथे बॉक्सच्या मागे फट राहायची, तिथे धरली. मग लांब चपटी. बॉक्स आणि डिकीचं झाकण यांच्यामध्ये जेवढी जागा सुटायची, तेवढीच तिची जाडी. ह्यांनी एकही पिशवी खाली ठेवली नाही. तशीच हातात धरून उभे राहिले.

‘आई,’ ह्यांनी विचारलं, ‘माप कधी घेतलं?’

आईनं कमरेला खोचलेली एक नाडी काढून दाखवली. जागोजागी गाठी मारलेली. मागच्या वेळी आम्ही आत जेवायला बसलो होतो, तेव्हा तिनं डिकीत वाकून बॉक्सच्या चारी बाजूंची फट त्या नाडीनं मोजून घेतली होती.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आईला वाटलं, मी पिशव्यांना नावं ठेवतेय. तिनं त्या एवढ्या मोकळ्या डिकीत सगळ्या पिशव्या मांडून बघितल्या. हात काढला, की एक इकडे पडायची, दुसरी तिकडे लोळायची. तिनं पुन्हा उभ्या केल्या. पुन्हा पडल्या. मग ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली आणि चांगलीच खेकसली.

‘कशाले काढं वं ते? पुढली आखाजीले खोकं लीसनच येजो!’